शॉकनंतर लुळा पडलेला हात: जोर परत येतोय, पण खांद्याचं काय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. धाकटा भाऊ, वय 29. पाण्याच्या मोटरची वायर ओल्या हातानं सरकवताना शॉक बसला. दोन-तीन सेकंद तो चिकटून राहिला आणि मग मागे फेकला गेला. शुद्ध हरपली नाही, पण उजवा हात खांद्यापासून लुळा पडला आणि चार-साडेचार तास हललाच नाही. दवाखान्यात ईसीजी नॉर्मल आला, तळहातावरच्या छोट्या डागाला मलम लावून घरी सोडलं. आज तिसरा दिवस. कोपर वाकतं, मूठ वळते, पण पेला हातातून निसटतो. करंगळी बधिर आहे. आणि शेवटच्या ओळीत तुम्ही सहज लिहिलंय, "खांदा जरा आखडलाय, हात बाहेर वळत नाही." घरात कुणी म्हणतं नस जळली, कुणी म्हणतं रोज तेल चोळा. हात पूर्वीसारखा होईल का, हे तुम्हाला हवंय.

जो हात पहिल्या काही तासांतच हलायला लागतो, तो बहुतेक वेळा पूर्ण बरा होतो. शॉकनंतरच्या अशक्तपणात मी किती जोर आहे यापेक्षा तो कुठल्या दिशेला चाललाय हे बघतो. काल पेला उचलला जात नव्हता आणि आज उचलून निसटतो, ही चांगलीच खूण आहे. तुमच्या भावाची गाडी योग्य दिशेला आहे. पण त्या खांद्याच्या ओळीपाशी मी थांबलो, म्हणून आधी तिच्याबद्दल लिहितो.

शॉक बसला की एखाद्या बाजूचे सगळे स्नायू एकदम आणि पूर्ण ताकदीनं आवळले जातात. माणूस फेकला जातो तो बहुतेक वेळा विजेनं ढकलल्यामुळे नव्हे, तर स्वतःच्याच स्नायूंच्या आचक्यामुळे. खांद्याभोवती हात आत वळवणारे स्नायू बाहेर वळवणाऱ्यांपेक्षा बरेच ताकदवान असतात. सगळे एकदम ओढायला लागले की आतले जिंकतात आणि दंडाच्या हाडाचा गोल खोबणीतून मागच्या बाजूला निसटू शकतो. खांदा निखळण्याचे बहुतेक प्रकार पुढच्या बाजूचे. मागे निखळणं विरळा, आणि ते ज्या मोजक्या कारणांनी होतं त्यांत फिट आणि विजेचा शॉक ही दोन ठळक. वाईट भाग असा की समोरून काढलेल्या साध्या एक्स-रेत हा खांदा जवळजवळ नॉर्मल दिसू शकतो.

असा एक रुग्ण माझ्याकडे शॉकनंतर पाच आठवड्यांनी आला होता. "विजेनं नस गेली" असं समजून तोवर हाताला व्यायाम चालू होता. तो खुर्चीत बसला तेव्हा उजवा हात पोटाशी चिकटलेला होता. मी म्हटलं, कोपर बरगडीला टेकवून ठेवा आणि पंजा बाहेरच्या बाजूला फिरवा, दार उघडल्यासारखा. डावा हात सहज फिरला. उजवा पोटाशीच राहिला, एक बोटभरही बाहेर सरकेना. जोर कमी असता तर मी धरून फिरवल्यावर तो फिरला असता, पण माझ्या हातानंही तो फिरेना. काखेच्या बाजूनं एक्स-रे काढला आणि हाडाचा गोल खोबणीच्या मागे अडकलेला दिसला. पहिल्या दिवशी तो भूल देऊन जागेवर बसवता आला असता. पाच आठवड्यांनी शस्त्रक्रिया करावी लागली.

हीच परीक्षा भावाची आत्ता घरी करा. कोपर अंगाला टेकवून पंजा बाहेर फिरतो का, आणि तुम्ही हलकेच मदत केल्यावर तरी फिरतो का? दुखत असेल तर जोर लावू नका. फिरत नसेल तर आजच हाडांच्या डॉक्टरांना दाखवा, आणि "शॉक बसला होता, खांदा मागे निखळलाय का ते काखेच्या बाजूच्या एक्स-रेतही पाहायचंय" असं स्पष्ट सांगा. खांद्याच्या बाहेरच्या बाजूवर, शर्टाची शिवण जिथे येते त्याच्या जरा खाली, हात फिरवून पाहा. तेवढाच पट्टा बधिर असेल तर तेही सांगा, कारण खांद्याच्या सांध्याला लागून जाणारी नस ताणली गेल्याची ती खूण असते. फेकला जाताना मानेला मार लागला असेल, मान दुखत असेल, तर मानेचीही तपासणी त्याच फेरीत होऊ द्या.

आता हात लुळा का पडला ते. नस म्हणजे निर्जीव तार नव्हे. तिच्या पेशीच्या पातळ आवरणावर आत आणि बाहेर क्षारांचा एक तोल सांभाळलेला असतो, आणि तो क्षणभर ढळवूनच ती संदेश पुढे पाठवते. बाहेरून मोठा प्रवाह घुसला की हा तोल पार विस्कटतो. आवरणाला अतिसूक्ष्म छिद्रंही पडतात. ती बुजेपर्यंत आणि तोल सावरेपर्यंत नस शाबूत असूनही मुकी राहते. हे काम मिनिटांत होतं किंवा काही तास घेतं. शिवाय घरगुती विजेचा प्रवाह सेकंदाला 50 आवर्तनं करतो, म्हणजे 100 वेळा दिशा बदलतो. स्नायूला सैल पडायला उसंतच मिळत नाही, म्हणून मूठ वायरीवर आवळून बसते. साधारण 10 ते 15 मिलिअँपिअरच्या पुढे माणसाला स्वतःहून हात सोडवता येत नाही. तुमच्या भावाचा हात ओला होता. कोरड्या, घट्टे पडलेल्या तळहाताचा रोध हजारो ओहम असतो, कधी लाखाच्या घरात. ओल्या त्वचेचा मात्र हजार ओहमच्या आसपास उतरतो. 230 व्होल्टला हजारानं भागा: 230 मिलिअँपिअर. तेवढा प्रवाह छातीतून आरपार गेला असता तर हृदयाची लय बिघडू शकली असती. ईसीजी नॉर्मल आला आणि शुद्धही गेली नव्हती, ही खरोखर मोठी गोष्ट आहे.

तिसरं कारण रक्तवाहिन्यांचं. त्यांच्या भिंतीतले स्नायूही आवळतात आणि हातापायाचा रक्तपुरवठा काही वेळ आटतो. याचं सगळ्यात ठसठशीत रूप वीज अंगावर पडलेल्या माणसात दिसतं. पाय निळसर, चट्टेदार, बर्फासारखे गार, नाडी लागत नाही, हालचाल नाही, स्पर्श कळत नाही. पाहणाऱ्याला वाटतं कणाच तुटला. आणि काही तासांत पाय गुलाबी होतात, बोटं हलतात, माणूस उठून बसतो. 19व्या शतकाच्या अखेरीस फ्रेंच मेंदूविकारतज्ज्ञ झाँ-मार्तँ शार्को यांनी या तात्पुरत्या लुळेपणाचं वर्णन केलं होतं. मी स्वतः असा एक शेतमजूर पाहिलाय. दुपारी चारला दोन्ही पाय लाकडासारखे होते, आणि रात्री नऊला त्यानं पांघरुणाखालून अंगठा हलवून दाखवला. त्याच्या बायकोनं तो अंगठा हातात घट्ट धरून ठेवला होता, सोडायला तयारच नव्हती. एक गोष्ट इथेच सांगून ठेवतो: वीज पडलेल्या माणसाची मनगटात किंवा पायात नाडी लागली नाही म्हणून तो गेला असं ठरवू नये. मानेतली नाडी आणि श्वास बघावा, आणि ते नसेल तर लगेच छाती दाबायला सुरुवात करावी. त्याच्या अंगात वीज साठून राहत नाही, त्याला हात लावायला काहीच धोका नसतो. वायरीला चिकटलेल्या माणसाचं मात्र वेगळं, तिथे आधी मेन स्विच.

तर चार-साडेचार तासांचा पूर्ण लुळेपणा या कारणांनी समजतो. उरतो तो तिसऱ्या दिवशीचा निसटणारा पेला आणि बधिर करंगळी. इथे नसेला थोडी जास्त इजा झाली असावी असं मला वाटतं.

कोपर कशावर तरी आपटलं की करंगळीपर्यंत सणक जाते, ती जागा सगळ्यांना ठाऊक असते. तिथून हाडाच्या खोबणीतून जाणारी नस करंगळीला आणि अनामिकेच्या अर्ध्या भागाला स्पर्श देते, आणि पंजातले बहुतेक छोटे स्नायू चालवते. शॉकमध्ये हात जिथे वायरीला लागला तिथली, म्हणजे मनगटाजवळची ही नस आणि तिची शेजारीण, अंगठ्याकडून मधल्या बोटापर्यंत जाणारी नस, या दोघींना जास्त वेळा फटका बसतो. घरी करता येण्यासारखी एक परीक्षा आहे. भावाला दोन्ही हातांच्या अंगठा आणि तर्जनीच्या कडेमध्ये एकेक कागद धरायला सांगा, किल्ली धरतो तसा, आणि तुम्ही ते कागद ओढा. चांगल्या हाताचा अंगठा सरळ राहून कागद धरून ठेवेल. करंगळीची नस अशक्त असेल तर त्या हाताचा अंगठा टोकाकडच्या पेरात वाकतो, कारण गेलेल्या स्नायूचं काम दुसरा स्नायू करू पाहतो. मग बोटं पंख्यासारखी पसरायला सांगा आणि दोन्ही हातांचा फरक बघा. नंतर डोळे मिटायला लावून कापसाचा बोळा प्रत्येक बोटावर टेकवा. बधिरपणाची हद्द अनामिकेच्या मधोमध थांबते की मनगटाच्या वर चढते, हे पेनानं हातावरच आखून फोटो काढून ठेवा. तुमच्या डॉक्टरांना त्या फोटोचा माझ्या या सगळ्या लिहिण्यापेक्षा जास्त उपयोग होईल.

नसेची इजा सोप्या भाषेत तीन प्रकारची. पहिलीत आतले धागे शाबूत असतात, फक्त त्यांच्यावरचं वेष्टण एका ठिकाणी दुखावतं. जोर दिवसांत किंवा आठवड्यांत परततो, बहुधा 12 आठवड्यांच्या आत. दुसरीत आतले धागे तुटतात पण नळी टिकते, आणि धागा त्या नळीतून पुन्हा वाढत जातो, दिवसाला साधारण एक मिलिमीटर. कोपराजवळ तुटला तर पंजातल्या स्नायूंपर्यंत 25 ते 30 सेंटिमीटर अंतर, म्हणजे जवळपास दहा महिने. तिसरीत नळीही जाते आणि शस्त्रक्रियेशिवाय फारसं हाती लागत नाही. ही बहुतेक खोल भाजलेल्या, उच्च दाबाच्या अपघातात दिसते. तुमच्या भावाचा जोर तीन दिवसांत वाढतोय, त्यामुळे तो पहिल्या प्रकारात असावा असा माझा अंदाज आहे. तपासल्याशिवाय याहून ठाम बोलणं बरोबर नाही.

"मग आजच एनसीव्ही, म्हणजे नसेतून संदेश किती वेगानं जातो ते मोजणारी चाचणी, करून टाकू" असं तुम्हाला वाटेल. घाई करू नका. तुटलेल्या धाग्याचं खालचं टोकसुद्धा पहिले काही दिवस वीज वाहून नेतं, त्यामुळे या आठवड्यात रिपोर्ट फसवा नॉर्मल येऊ शकतो. स्नायूत सुई घालून करायची ईएमजी तर दोन-तीन आठवड्यांनीच खरं सांगते. तीन आठवड्यांनी अशक्तपणा असेलच तर दोन्ही चाचण्या एकत्र करा. नसेल तर करायची गरजच नाही.

आज करायच्या चाचण्या वेगळ्या आहेत, आणि त्यांना थांबायला वेळ नाही. खांद्याचं वर सांगितलंच. दुसरी गोष्ट स्नायूंची. वीज शरीरातून जाताना हाडाचा रोध सगळ्यात जास्त, म्हणून हाड तापतं आणि हाडाला लागून असलेला खोल स्नायू आतून शिजतो. बाहेर त्वचेवर नखाएवढा डाग आणि आत मोठी इजा, असं उच्च दाबाच्या अपघातात नेहमी दिसतं. घरच्या विजेत ते कमी, पण माणूस चिकटून राहिला असेल तर मी गृहीत धरत नाही. मोडलेल्या स्नायूतला रंगद्रव्याचा गाळ मूत्रपिंडात अडकतो. म्हणून विचारा, लघवीचा रंग कसा आहे? काळ्या चहासारखी किंवा तांबूस-तपकिरी असेल तर उद्यावर ढकलू नका. रक्तातलं सीपीके (स्नायू मोडला की वाढतं ते), पोटॅशियम, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारं) आणि एक साधी लघवीची तपासणी एवढं पुरे.

आणि हाताची बोटं सरळ करून बघा. कोपराखालचा हात टम्म सुजलाय, दाबल्यावर लाकडासारखा घट्ट लागतो, दुखणं डागाच्या मानानं फारच जास्त आहे, आणि तुम्ही त्याची बोटं हलकेच सरळ केलीत तर तो कळवळतो, असं असेल तर स्नायूंच्या कप्प्यात दाब वाढलाय. तो दाब रक्ताभिसरण थांबवतो आणि काही तासांत स्नायू आणि नस दोन्ही मरतात. तिथे एकच उपाय, आवरण उघडून दाब मोकळा करणं. हे बहुधा पहिल्या दोन दिवसांत होतं. बोटं गुलाबी आहेत, नाडी लागते, म्हणून निर्धास्त राहू नका, कारण नाडी जाते ती अगदी शेवटी.

म्हणूनच तेल चोळण्याला माझा सध्या ठाम नकार आहे. चोळणाऱ्याची माया मला कळते. पण दुखावलेल्या, सुजलेल्या स्नायूला रगडलं तर सूज आणि मोड दोन्ही वाढतात, आणि खांदा निखळलेला असेल तर विचारूच नका. गरम पाण्याची पिशवीही नको. बधिर करंगळीला चटका कळत नाही, आणि भाजलेल्या करंगळ्या मी मोजण्यापलीकडे पाहिल्यात. शेगडीजवळ, गरम पेल्याशी, सुरी वापरताना त्या बोटाकडे डोळ्यांनी लक्ष ठेवायचं.

करायचं ते असं. हात पहिले काही दिवस उशीवर, छातीच्या पातळीला. पाणी भरपूर, मूत्रपिंडाचा विकार नसेल तर. खांदा ठीक असल्याचं कळलं की दिवसातून चार-पाच वेळा प्रत्येक सांधा पूर्ण हलवायचा, जिथे त्याचा स्वतःचा जोर पुरत नाही तिथे दुसऱ्या हातानं. बोटं वाकडी राहून आखडली तर उद्या नस परतली तरी हात कामाचा राहत नाही, म्हणून हा व्यायाम कंटाळा आला तरी सोडायचा नाही. मऊ स्पंज दाबणं, कपड्यांचे चिमटे उघडणं, नाणी उचलून डबीत टाकणं. थकवा आला की थांबायचं, दुखेपर्यंत ताणायचं नाही. बी-12ची इंजेक्शनं सर्रास दिली जातात. रक्तात त्याची कमतरता असेल तर ती द्यावीतच, पण नसेल तर त्यांच्यामुळे नस लवकर भरते असा मला अनुभव नाही. पकड पूर्ण येईपर्यंत दुचाकी नको, शिडी नको, फिरत्या यंत्रांवर काम नको.

आणखी एक शक्यता सांगतो, ती गैरसमजाशिवाय वाचा. काही जणांत नस, स्नायू, मणका सगळं शाबूत असतं, तरी हात हलत नाही. त्या जबरदस्त भीतीच्या क्षणी मेंदूची हात हलवण्याची वाटच जणू विसरली जाते. हे ढोंग नसतं. माणूस मनापासून प्रयत्न करतो आणि हात उठत नाही. "नाटक करतो" असं म्हणणाऱ्या नातेवाइकांना मी तपासणीच्या खोलीतून बाहेर बसवतो. योग्य फिजिओथेरपीनं हे रुग्ण चांगले सुधारतात. तुमच्या भावाची करंगळी एका नसेच्या हद्दीत बधिर आहे असं दिसतं, म्हणून मला तिथे हे कारण वाटत नाही. पण झोप उडणं, चिडचिड, स्विचला हात लावताना दचकणं, लक्ष न लागणं, हे शॉकनंतर अनेकांना होतं. त्याच्याशी बोला, हसण्यावारी नेऊ नका.

बरा होऊन कामाला लागल्यावरही वर्षभर एका गोष्टीची आठवण ठेवा. मज्जारज्जूला विजेनं झालेली इजा क्वचित उशिरा डोकं वर काढते, आठवड्यांनी किंवा महिन्यांनी, जास्त करून उच्च दाबाच्या किंवा मानेजवळून प्रवाह गेलेल्या अपघातांत. पाय जड, ताठर वाटणं, चालताना पाय घासणं, चप्पल नकळत पायातून सुटणं, लघवी अडणं किंवा आवरता न येणं. असं काही दिसलं तर शॉकचा उल्लेख करून मणक्याचा एमआरआय करून घ्या. "तो शॉक तर केव्हाचा, त्याचा काय संबंध" असं रुग्णच म्हणतात आणि डॉक्टरांना सांगतच नाहीत.

एक वही ठेवा. दर रविवारी सकाळी एकाच वेळी चार नोंदी: पाण्यानं भरलेली एक लिटरची बाटली किती सेकंद धरता येते, कागद ओढताना अंगठा वाकतो का, बोटं किती पसरतात, बधिरपणाची रेघ कुठवर. आकडे आठवड्यागणिक वाढत असतील तर घाबरायचं कारण नाही, वेग कमी असला तरी. दोन आठवडे एकाच जागी थांबले, किंवा एकदा आलेला जोर पुन्हा कमी झाला, तर वही घेऊन मेंदू-मज्जातज्ज्ञांकडे जा.

आणि ती मोटर अर्थिंग तपासल्याशिवाय, 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच) बसवल्याशिवाय कुणीही चालू करू नका. भावाच्या खांद्याची दारासारखी परीक्षा मात्र हे वाचून झाल्यावर लगेच करा. पंजा बाहेर फिरला की नाही, एवढं मला कळवा.